निळ्या ज्योतीची निगा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



भाऊबीज झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि मधल्या वेळात उसाची, शिंगाड्यांची, जिलेबीची आणि गरमागरम आलूबोंड्यांची दुकाने. मंडई आटोपते न आटोपते तोच लग्नसराई सुरू होते. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा, महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडची यात्रा. म्हणजे दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत आपल्याकडचा मोठा स्वयंपाक चार भिंतींच्या आत होतच नाही. तो होतो उघड्यावर. अंगणात, मांडवामागे, रस्त्याच्या कडेला.

पूर्वी या स्वयंपाकासाठी अंगणात लांब चर खणत, त्यावर गुंड ठेवत आणि रात्रभर लाकडे सारत. आता त्या चराची जागा लोखंडी तिवईवर बसवलेल्या गॅसभट्टीने घेतली आहे. धूर गेला, वेळ वाचला, आचाऱ्याच्या डोळ्यांचे पाणी थांबले. पण लाकडाची चूल बिघडत नव्हती आणि भट्टी बिघडते, ही गोष्ट आपल्या अंगवळणी अजून पडलेली नाही. गोंदियात गेली पंचवीस-तीस वर्षे माझे शेगड्या आणि भट्ट्या दुरुस्त करण्याचे छोटेसे दुकान आहे. या काळात एक गोष्ट मी सतत पाहिली. लग्नघरी गंज, परात, झारा घासून लख्ख करतात. ज्या भट्टीवर हे सगळे चढते, तिच्या आत मात्र कोणी डोकावून पाहत नाही. इतरांचे कशाला सांगू? एकदा मीच पाहिले नव्हते.

ती भट्टी माझीच होती

काही वर्षांपूर्वी गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी धाकट्या भावाच्या मुलीचे लग्न होते. भाऊ म्हणाला, "दादा, भट्टी भाड्यानं कशाला आणायची? आपली आहे ना." होती खरी. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात वापरून गुरांच्या कोठ्यात, माळ्यावर टाकून दिली होती. मी ती खाली काढली, वरची धूळ फडक्याने पुसली, नळी जोडली आणि आचाऱ्याच्या स्वाधीन केली. मी दुरुस्तीवाला, त्यामुळे मला कोणी काही विचारलेही नाही.

भाताचा गंज चढल्यावर थोड्या वेळाने आचारी म्हणाले, "भाऊ, आग पिवळी येऊन राहिली." मी म्हणालो, "हवा सुटली आहे, म्हणून होत असेल. चालू द्या." त्यानंतर दहा मिनिटांत आग बर्नरच्या वर कमी आणि मागे, जिथे गॅस बर्नरमध्ये शिरतो तिथे जास्त दिसू लागली. आचारी कॉक बंद करायला वाकले आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. एका पुतण्याने प्रसंग ओळखून सिलिंडर बंद केला, म्हणून तेवढ्यावर निभावले. रबरी नळीचे टोक वितळायला लागले होते आणि वीस पावलांवर धानाचे पुंजणे उभे होते.

आचाऱ्यांच्या हातावर लावायला कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद. गावातल्या आरोग्यसेविकाताई पाहुण्यांत होत्या. त्यांनी दोन्ही बाजूला सारले आणि तो हात वीस मिनिटे साध्या थंड पाण्याच्या धारेखाली धरायला लावला, मग दवाखान्यात पाठवला. भाजल्यावरचा पहिला उपाय हाच, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. बर्नरच्या नळीत मातीचे घट्ट बूच बसले होते. कुंभारमाशीचे घर! ही माशी चिखलाच्या गोळ्या आणून भोकात, नळीत घर बांधते आणि आपल्या अळ्यांसाठी त्यात कोळी भरून ठेवते. मातीचे ढेकूळ फोडल्यावर आत वाळलेले कोळी निघाले. एवढ्याशा माशीने पावसाळ्यात केलेले काम आणि मी न केलेले पाच मिनिटांचे काम, यांनी मिळून एका माणसाचा हात भाजला होता.

आग पिवळी का होते?

भट्टीची रचना तशी सोपी आहे. सिलिंडरातला गॅस रेग्युलेटरमधून, रबरी नळीतून आणि कॉकमधून पितळी जेटपर्यंत येतो. जेटला सुईच्या टोकाएवढे बारीक भोक असते. तिथून गॅस जोरात बर्नरच्या नळीत शिरतो आणि शिरताना बाजूच्या खिडकीतून हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांशी जळतात. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी, स्थिर आणि जवळजवळ निःशब्द असते.

हवा कमी पडली की सगळा गॅस नीट जळत नाही. न जळलेल्या कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात आणि भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो, पण चारी बाजूंनी कनाती लावलेल्या मुदपाकखान्यात किंवा बंद दुकानात तो जीव घेऊ शकतो. नळी पूर्णच तुंबली असेल तर गॅसला पुढे वाट मिळत नाही. तो हवेच्या खिडकीतून उलटा बाहेर येतो आणि तिथेच पेटतो. आमच्या अंगणात झाले ते हेच.

म्हणून पहिला नियम असा की आग पिवळी झाली, भांडी काळी व्हायला लागली किंवा पेटवताना "फक्" असा आवाज येऊन ज्योत आत गेली, तर गॅस बंद करा, भट्टी थंड होऊ द्या आणि मगच कारण शोधा. वाऱ्याने ज्योत हलते, पण वारा थांबल्यावर ती पुन्हा निळी व्हायला हवी. ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी तरंगत असेल तर उलट हवा जास्त झाली आहे. अशा वेळी हवेच्या खिडकीवरची चकती थोडी फिरवून पाहावी.

सफाई कशी करावी?

हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि मग प्रत्येक मोठ्या स्वयंपाकानंतर भट्टीला अर्धा तास द्यावा. आधी सिलिंडर वेगळा करून दूर ठेवावा. बर्नर काढून उलटा धरावा आणि हलक्या हाताने ठोकावा. गंजाची पापडी, भात, डाळ, मेलेली झुरळे असे काय काय पडते ते पाहून आपल्यालाच नवल वाटेल. नळीतून बाटल्या धुण्याचा लांब ब्रश आरपार फिरवावा. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाचा उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसला की नळी मोकळी.

बर्नरची छिद्रे तारेने एकेक मोकळी करावीत. बर्नर बिडाचा असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासावा, मात्र त्यानंतर उन्हात पूर्ण वाळवावा. ओला बर्नर जोडला की छिद्रांत पाणी अडकते आणि ज्योत फडफडते.

आता जेट. इथे हात आखडता घ्यावा. बर्नरची छिद्रे आणि जेटचे भोक यांत पुष्कळ लोक घोटाळा करतात. जेटमध्ये सुई किंवा खिळा घालून भोक "मोकळे" करतात. पितळ मऊ असते. भोक किंचित जरी मोठे झाले तरी जादा गॅस येतो, हवा अपुरी पडते आणि आग कायमची पिवळी होते. जेट साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावा, मऊ ब्रशने पुसावा, उलट बाजूने फुंकर मारावी. तरीही साफ झाला नाही तर नवा घालावा. तो काही फार महाग नसतो. घरातल्या शेगडीलाही हे सगळे तसेच लागू आहे.

जाळी, तवा आणि कढई

अंगणात किंवा परसात गॅसवर जाळी ठेवून वांगी, मक्याची कणसे, मासळी, कोंबडी भाजण्याची हौस आता वाढली आहे. देवरी, कोहमारा या बाजूच्या महामार्गावर ढाब्यांची तर रांगच आहे. भाजताना तेल आणि चरबी खाली ठिबकते. ती खालच्या तबकात साचत राहिली की एक दिवस तीच पेट घेते. तबक प्रत्येक वेळी रिकामे करावे. तेलाच्या आगीवर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते तेल उडून अंगावर येते. गॅस बंद करावा, कढई असेल तर वर घट्ट झाकण सरकवावे आणि ती थंड होईपर्यंत झाकण उचलू नये. तबकाच्या आगीवर कोरडी वाळू टाकावी. म्हणून वाळूची एक बादली भट्टीजवळ असावीच.

जाळी साफ करण्याची सोपी रीत अशी. भाजणे संपल्यावर ती रिकामीच पाच-सात मिनिटे तापू द्यावी. चिकटलेले सगळे जळून कोरडे होते. कोमट झाल्यावर नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासावी, धुवावी, पुसावी आणि गंज चढू नये म्हणून तेलाचा बोळा फिरवावा. तारेचा ब्रश मात्र शक्यतो टाळावा. अमेरिकेत अशा जाळ्या घराघरांत असतात. तिथे ऱ्होड आयलंड राज्यातल्या डॉक्टरांनी नोंदवलेली सहा रुग्णांची माहिती 2012 साली प्रसिद्ध झाली. ब्रशची तुटलेली तार जाळीला चिकटून राहिली, मांसाबरोबर पोटात गेली आणि कोणाच्या घशात तर कोणाच्या आतड्यात रुतली. आपल्या तारेच्या घासणीचेही बारीक तुकडे पडतात. ती वापरलीच तर नंतर ओल्या फडक्याने जाळी पुसून घ्यावी आणि फडक्याला काय लागले ते बघावे.

नळी आणि रेग्युलेटर

आपला जिल्हा धानाचा. जिथे धानाची कोठी तिथे उंदीर, आणि उंदराला रबर कुरतडायला फार आवडते. म्हणून भट्टीची नळी कोठीत किंवा माळ्यावर उघडी टाकू नये. गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात ठेवावी. वापरण्यापूर्वी ती बोटांनी दुमडत दुमडत शेवटपर्यंत तपासावी. चीर दिसली, टोक कडक झाले किंवा फुगवटा आला तर नळी बाद. कापून, चिकटपट्टी लावून किंवा दोन तुकडे जोडून वापरू नये. घरच्या शेगडीसाठी आतून तारेची जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची केशरी "सुरक्षा" नळी मिळते. तीही दर 5 वर्षांनी बदलायची असते. नळीवर साल छापलेले असते. नळी घाण होऊ नये म्हणून काही घरांत तिच्यावर कापडी खोळ चढवतात. असे करू नये. खोळीखालची चीर दिसत नाही.

रेग्युलेटरचे काम दाब कमी करण्याचे. सिलिंडरातला दाब घरच्या शेगडीला लागणाऱ्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक असतो. भट्टीला जास्त दाबाचा वेगळा रेग्युलेटर लागतो. तो घरच्या शेगडीला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. रेग्युलेटर पाण्याने धुऊ नये, उघडून आत तेल घालू नये. कोरड्या फडक्याने पुसावा, बिघडला तर बदलावा.

सर्व जोडून झाल्यावर वाटीभर पाण्यात साबणाचा फेस करावा आणि कॉक बंद ठेवून, सिलिंडर उघडून प्रत्येक जोडावर तो फेस लावावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. गळती शोधण्यासाठी काडी ओढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना गळती सापडतेही, पण ती सांगायला ते धड राहत नाहीत.

सिलिंडरची ओळख

लग्नघरी, ढाब्यावर किंवा आलूबोंड्याच्या दुकानात 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर वापरावा. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमाविरुद्ध आहे. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, ते वाचायला शिकावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे सालाचे. ही त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. टोपी काढल्यावर तोंडाशी आतल्या बाजूला एक काळी रबरी कडी असते. ती नसेल किंवा चिरलेली असेल तर रेग्युलेटर बसूनही गॅस गळतो.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी कडाक्याची असते. पहाटे मोठी भट्टी सुरू असताना सिलिंडरवर दव धरते, कधी पांढरा बर्फही चढतो आणि आग मंदावते. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून सिलिंडर गार पडतो. अशा वेळी काही आचारी सिलिंडर उकळत्या पाण्यात ठेवतात, आडवा पाडतात किंवा चक्क निखाऱ्याजवळ सरकवतात. हे तिन्ही प्रकार घातक. आडव्या सिलिंडरातून द्रवच नळीत येतो आणि भट्टीतून आगीचा लोळ उठतो. एका सिलिंडरवर फार भार न टाकता जास्त सिलिंडर आणावेत आणि गार पडलेला थोडा वेळ विसाव्याला ठेवावा, हाच खरा उपाय.

जागा निवडताना

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून लाकडाच्या चुलीसाठी खणलेल्या जुन्या चरात भट्टी ठेवू नये. वारा लागत नाही म्हणून ती जागा आचाऱ्यांना सोयीची वाटते, पण गळलेला गॅस तिथेच जमतो. भट्टी सपाट, मोकळ्या जागी ठेवावी. सिलिंडर उभा, सावलीत आणि नळी ताणली जाणार नाही इतक्या अंतरावर असावा. मांडवाचे कापड, तणसाचा ढीग आणि धानाचे पुंजणे यांच्यापासून भट्टी जेवढी दूर तेवढी बरी. वर्षाची कमाई अंगणात उभी असते, हे विसरू नये.

पेटवताना आधी पेटती काडी बर्नरजवळ न्यावी, मग कॉक हळू उघडावा. विझवताना आधी सिलिंडर बंद करावा, नळीतला गॅस जळून जाऊ द्यावा, मग कॉक बंद करावा. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तो वास आला की आग विझवावी, सिलिंडर बंद करावा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, माणसे दूर न्यावीत आणि लांब गेल्यावर 1906 या क्रमांकावर फोन करावा.

आणि पावसाळ्यापूर्वी? भट्टी स्वच्छ करून, वाळवून, लोखंडी भागांना तेलाचा हात फिरवून ठेवावी. बर्नरच्या छिद्रांना मात्र तेल लावू नये. नळीच्या तोंडाला आणि हवेच्या खिडकीला कापडाची पुरचुंडी बांधावी, म्हणजे कुंभारमाशी दुसरे घर शोधेल. पुरचुंडी लाल कापडाची घ्या. पेटवण्यापूर्वी ती काढायची आठवण राहते.

2016 साली उज्ज्वला योजना आली आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या धुराची चूल होती तिथेही गॅस पोचला. चांगले झाले. पण चूल कशी सारवावी, राख कधी काढावी हे आईने मुलीला शिकवले होते. शेगडीचे तसे शिकवणारे कोणी घरात नव्हते. ते आता आपणच एकमेकांना शिकवायचे आहे.

ते आचारी आजही आमच्या घरच्या कार्याला येतात. हातावर डाग आहे, मनात राग नाही. पण आता पोचल्या पोचल्या ते आधी भट्टीचा बर्नर काढतात, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "भाऊ, उजेड दिसून राहिला. आता ठेवा गंज."

तुमच्या घरच्या पुढच्या कार्याच्या आदल्या दिवशी तुम्हीही तेवढे करा.